वाचनालयाची किल्ली हातात आली, आता पुढे?

गोव्यातल्या एखाद्या खेड्याच्या वाचनालयात नव्यानं रुजू होणाऱ्या ग्रंथपालाला पहिल्या दिवशी तीन गोष्टी मिळतात. किल्ल्यांचा जुडगा, कडा कुरतडलेली दाखल नोंदवही आणि "हांगा कोणूच येना गो बाय" हे वाक्य. मला वाक्य आधी मिळालं, किल्ल्या दुसऱ्या दिवशी, कारण शिपाई जत्रेला गेला होता.

फोंडा तालुक्यातल्या एका गावात, पंचायतीच्या माडीवर माझं वाचनालय आहे. बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला, आम्हाला पुस्तकांना विषयवार आकडे देणारे ड्युईचे वर्गांक शिकवले, रंगनाथनांची ग्रंथालयशास्त्राची 1931 सालची पाच सूत्रं तोंडपाठ करून घेतली. दुपारी अडीच वाजता रिकाम्या टेबलापुढं बसून करायचं काय, ते मात्र कुणी शिकवलं नाही. हा लेख त्या दुपारसाठी.

हल्ली प्रशिक्षणाला गेलं की 'सांस्कृतिक उद्योजक' हा शब्द कानावर पडतो. ग्रंथपालानं म्हणे ते व्हायचं. उद्योजक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं वेर्ण्याची औद्योगिक वसाहत येते, म्हणून मीही आधी नाक मुरडलं होतं. पण देवळाच्या उत्सव समितीचा खजिनदार आठवा. तो दारोदार फिरून वर्गणी गोळा करतो, नाटक ठरवतो, मंडप आणि साऊंडवाल्याशी घासाघीस करतो, हार्डवेअरच्या दुकानदाराकडून स्मरणिकेसाठी जाहिरात काढतो आणि उत्सव संपला की हिशेब फळ्यावर लावतो. त्याच्याकडे भांडवल असतं ते एवढंच, की लोक त्याच्या हातात पैसे द्यायला कचरत नाहीत. आपल्याला हेच काम वर्षभर करायचंय, फक्त माल वेगळा.

माल कुठला, ते आधी ठरवा. नवी कादंबरी आता कुणालाही फोनवरून मागवता येते, दोन दिवसांत दारात. त्या शर्यतीत गावचं वाचनालय उतरलं तर हरणारच. उलट तुमच्या गावच्या देवळात चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी झालेल्या नाटकाचं हँडबिल जगात कुठल्याही दुकानात मिळत नाही. ते कुणाच्या तरी ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली घडी होऊन पडलंय.

पहिला महिना: हात आवरा

नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात कपाटं हलवायची भारी हौस. हलवू नका. सकाळी वर्तमानपत्रांच्या टेबलाशी जे पाच-सहा निवृत्त लोक येतात, त्यांच्या खुर्च्यासुद्धा सरकवू नका. कोण 'गोमन्तक' आधी उचलतो, कोण 'नवप्रभा'साठी थांबतो, कोण शब्दकोडं पेनानं सोडवून दुसऱ्यांच्या शिव्या खातो, ते बघा. ही मंडळी गावाची चालतीबोलती सूची आहेत. पुढं प्रत्येक टप्प्यावर त्यांची गरज लागेल.

या महिन्यात दोनच कामं करा. नोंदवहीप्रमाणे पुस्तकं मोजा, हे एक. दुसरं म्हणजे एक साधी वही घाला आणि तिला 'नाही-वही' म्हणा. कुणीही येऊन काहीही मागितलं आणि तुम्हाला "नाही" म्हणावं लागलं, की तारीख घालून एक ओळ लिहायची. पुस्तकच मागितलं पाहिजे असं नाही.

माझ्या पहिल्या तीन महिन्यांच्या नाही-वहीत सगळ्यात जास्त वेळा होता एक-चौदाचा उतारा. लोक जमिनीच्या कागदाची प्रिंट मागायला येत. त्याखालोखाल कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेची पुस्तकं. आणि तिसरं, जे मला कधी सुचलं नसतं: "दोन बायका, सहा पुरुष, दोन अंकी, एकच सेट, असं नाटक आसा?"

पहिल्या मागणीची लाज वाटून घेऊ नका. उताऱ्याची प्रिंट काढायला आलेला माणूस प्रिंटर गरम होईपर्यंत कपाटापुढं उभा राहतो. आमच्याकडचे निदान डझनभर सभासद असे प्रिंटरच्या रांगेतून आलेत. तिसऱ्या मागणीनं तर आमच्या वाचनालयाचा नूरच बदलला. त्याबद्दल खाली.

संगणकावर सूची

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. सरकारी वाचनालय असेल तर वरून सांगतील ती प्रणाली वापरायची. निवड तुमच्या हातात असेल तर 'कोहा' हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, खुलं आहे आणि देवनागरी नीट सांभाळतं. केंद्र सरकारच्या एनआयसीचं 'ई-ग्रंथालय'ही आहे. हजारभर पुस्तकांसाठी सुरुवातीला एक्सेलची शीटसुद्धा पुरते, कुणी काही म्हणो.

दोन पथ्यं पाळा. टंकलेखन युनिकोडमध्येच करा. आधीच्या माणसानं जुन्या फॉन्टमध्ये केलेली यादी दुसऱ्या संगणकावर उघडली की नुसता कचरा दिसतो. आम्हाला सहाशे नोंदी पुन्हा टाइप कराव्या लागल्या. आणि लेखकाचं नाव एकाच रूपात लिहा. बा. भ. बोरकर, बाळकृष्ण भगवंत बोरकर आणि बाकीबाब बोरकर हे संगणकाला तीन वेगळे कवी वाटतात.

आता गावात उतरा

माझ्या मते कामाला खरी सुरुवात इथं होते, आणि नवे लोक नेमके इथंच अडखळतात.

काय शोधायचं? नाटकांची हँडबिलं, उत्सवाच्या स्मरणिका, भजनाच्या वह्या, हातानं उतरवलेल्या नाटकाच्या संहिता (शेजारी प्रॉम्प्टरच्या खुणा असतील तर सोन्याहून पिवळं), शाळेचे गट-फोटो, लग्नपत्रिका, शिगम्याच्या मेळाचे फोटो, घुमट आरतीच्या कॅसेटी. गावात ख्रिस्ती वाडा असेल तर फेस्ताची (चर्चच्या सणाची) पत्रकं आणि रोमी लिपीतली तियात्राची (कोंकणी नाटकाची) हँडबिलंही. ती सोडलीत तर तुमचा संग्रह अर्ध्या गावाचा झाला.

मराठी की कोंकणी, हा वाद वाचनालयाच्या दारात चप्पल काढतो तिथंच ठेवून या. ट्रंकेतले कागद तो वाद मानत नाहीत. आमच्या गावच्या एका भजनी वहीत आरत्या आणि अभंग शुद्ध मराठीत आहेत. मागच्या पानांवरचा खर्च कोंकणीत आहे: नाल्ल, तेल, फुलां. आणि त्यावरची तारीख देवनागरीत पण पोर्तुगीज वळणाची: 'माय 1957'. एका माणसाचं हस्ताक्षर, एकच बोरू. सूचीत भाषेच्या रकान्यात काय लिहिणार? मी 'मराठी, कोंकणी' असं दोन्ही लिहिलं.

ही वही मिळाली कशी ते सांगते, कारण पद्धत त्यात आहे. वहीची मालकीण ऐंशीच्या घरातली. गावात सगळे तिला मावशी म्हणतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा वही मागितलीच नाही. तिच्या सासऱ्यांचं नाव एका स्मरणिकेत सापडलं होतं, त्याची झेरॉक्स घेऊन गेले. तिनं ती डोळ्यांशी धरली, चष्मा आणवला, पुन्हा धरली. मग चहा आला. दुसऱ्या खेपेला ट्रंक उघडली. वही काढून तिनं मांडीवर ठेवली आणि वर हात दाबून धरला. "हें वरूं नाका. हांगाच बस आनी पळय." (हे नेऊ नको. इथंच बस आणि बघ.)

बरोबरच आहे. तिनं ती वही का म्हणून द्यावी? आजवर गावातून 'अभ्यासाला' म्हणून नेलेले कितीतरी कागद परत आलेले नाहीत. तेव्हा नियमच करून टाका: मूळ वस्तू घरातून हलणार नाही, वाचनालय घरी जाईल. मी तिसऱ्या खेपेला फोन, छोटा स्टँड आणि काळं कापड घेऊन गेले. तिच्या पडवीत, दुपारी साडेतीनच्या उजेडात, एकशे अठरा पानं. ती शेजारी बसून पान उलटत होती आणि प्रत्येक अभंगाची चाल गुणगुणत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला नुसती वही नकोय. चौथ्या खेपेला आवाज रेकॉर्ड करायला गेले.

स्कॅनिंग: थोडं तंत्र

सपाट सुटा कागद स्कॅनरवर, शिवलेली वही फोनच्या स्टँडखाली. शिवण तडकेल अशी वही स्कॅनरवर दाबू नका. मजकुरासाठी 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके) पुरे, फोटोसाठी 600 घ्या. फोनच्या स्कॅनिंग ॲपपेक्षा साधा कॅमेरा बरा, कारण ॲप कडा कापतं, कागद पांढराशुभ्र करतं आणि पेन्सिलीच्या पुसट खुणा खाऊन टाकतं. फ्लॅश बंद ठेवा. शेजारी एक फूटपट्टी ठेवा, म्हणजे मूळ आकार कळतो.

मूळ प्रत टिफ या तपशील न गमावणाऱ्या फाइलीत ठेवा आणि वाटायला पीडीएफ किंवा जेपेग काढा. एफोर आकाराचं रंगीत पान 300 डीपीआयला साधारण 26 एमबी होतं. म्हणजे गुगलच्या फुकटातल्या 15 जीबीत जेमतेम पावणेसहाशे पानं. तेव्हा हार्ड डिस्क घ्यावीच लागणार, आणि एक नाही, दोन. तीन प्रती हव्यात: एक वाचनालयात, एक ऑनलाइन, आणि एक गावाबाहेर. माझी तिसरी प्रत मडगावला बहिणीच्या कपाटात आहे. दर संकष्टीला मी डिस्क लावून चार-पाच फाइली उघडून बघते. संकष्टीच का? तर ती विसरत नाही.

प्रतींचं महत्त्व गोवेकराला वेगळं सांगायला नको. पाटो-पणजीच्या आपल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला ज्या कृष्णदास शामांचं नाव आहे, त्यांनी 1526 साली केळशीला मराठीत कृष्णचरित्र लिहायला घेतलं. त्या शतकातल्या गोमंतकीय कथा-काव्यांपैकी बरंच काही आज आपल्याला वाचता येतं, ते पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या ग्रंथालयात रोमन लिपीतल्या नकला राहिल्या म्हणून. नकला करणाऱ्या मिशनऱ्यांचा हेतू काही आपली संस्कृती जपणं हा नव्हता. पण नक्कल होती, म्हणून आज वाचता येतंय.

पावसाळ्याचं बोलायला हवं. जून ते सप्टेंबर जुनी ट्रंक उघडून कागद पडवीत पसरू नका. हवेतला ओलावा तासाभरात कागदाला वेढतो आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. घरोघरी फिरायचं काम डिसेंबर ते मे. पावसात बसून नावं, नोंदी, टंकलेखन. वाचनालयाची कपाटं भिंतीपासून वीतभर पुढं ओढा, वाळवी भिंतीतून येते. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नका आणि कुणी कितीही आग्रह केला तरी लॅमिनेशन करू नका. लॅमिनेट केलेला कागद पुन्हा सुटत नाही.

छापील मजकुराचं अक्षरात रूपांतर करायला गुगल ड्राइव्हमध्ये चित्र टाकून ते डॉक्समध्ये उघडलं तर देवनागरी बऱ्यापैकी ओळखली जाते. जुन्या खिळ्यांच्या छपाईत जोडाक्षरं मोडतात, काने-मात्रा हरवतात, ते हातानं सुधारावं लागतं. आमच्याकडे बारावीनंतरच्या सुट्टीतली दोन मुलं हे करतात. हाताच्या अक्षरावर विसंबू नका. मोडी किंवा गोयकानडी या जुन्या लिप्यांतलं काही सापडलं तर फक्त फोटो काढा, मालकाला सांगा आणि पणजीच्या पुराभिलेख खात्यातल्या जाणकारांना दाखवा. ते खातं 1595 पासूनची दप्तरं सांभाळण्याची परंपरा सांगतं. आपण दोन दिवसांत मोडी शिकून फुशारकी मारण्यात अर्थ नाही.

नाव नसलेला चेहरा

माझी सगळ्यात मोठी चूक इथं झाली. एका श्रावणात उत्साहाच्या भरात मी 212 फोटो स्कॅन केले. फाइलींची नावं स्कॅनरनं दिली तीच ठेवली: स्कॅन001, स्कॅन002. टेबलावरच्या आजोबांपैकी एक जण म्हणाले होते, चवथ झाली की बसू, मी एकेकाचं नाव सांगतो. चवथ झाली. मग त्यांचा गुडघा दुखायला लागला, मग माझी बदलीची भानगड निघाली. ऑक्टोबरात ते गेले. त्या 212 फोटोंतले निम्म्याहून जास्त चेहरे अजून नुसते चेहरे आहेत.

म्हणून स्कॅन आणि नोंद एकाच बैठकीत करा. कंटाळा आला तर फोटो कमी काढा. प्रत्येक वस्तूला एवढं तरी हवं: हे काय आहे, कधीचं (नक्की माहीत नसेल तर 'अंदाजे' असं लिहून), कुठलं, कोण दिसतंय किंवा कुणी लिहिलंय, कुणाच्या घरून, परवानगी कसली दिली, आणि माहिती कुणी सांगितली. हा शेवटचा रकाना लोक गाळतात. उद्या नाव चुकीचं निघालं तर कुणाला विचारायचं?

फाइलीला नाव देताना वर्ष आधी, मग प्रकार, मग क्रमांक: 1974_हँडबिल_003 या धर्तीवर. प्रत्यक्षात ते रोमन अक्षरांत आणि जागा न सोडता टाइप करा. जुनी यंत्रं देवनागरी नावांवर अडतात. गट-फोटो असेल तर त्याची साधी प्रिंट काढून चेहऱ्यांवर पेन्सिलीनं आकडे घाला आणि मागची रांग डावीकडून अशा क्रमानं नावं लिहून घ्या. बोलणारा बोलत असताना फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, अर्थात विचारून.

कायदा आणि माणसं

कायद्याचं आधी उरकते. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइटचा हक्क राहतो आणि मोजणी पुढच्या 1 जानेवारीपासून. सांखवाळचे धर्मानंद कोसंबी 1947 साली वारले, म्हणजे त्यांचं लेखन 2008 पासून सर्वांसाठी मोकळं आहे. ते तुम्ही स्कॅन करा, टंका, विकिस्रोत या ऑनलाइन मुक्त ग्रंथालयात घाला, छापून विका. बोरकर 1984 साली गेले, त्यांच्या कवितांना 2044 संपेपर्यंत हात लावायचा नाही. वाचनालयाच्या नावानं चालणाऱ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्या मराठी पुस्तकाची पीडीएफ फिरताना दिसली तर ती काढा आणि टाकणाऱ्याला फोन करा. मराठी पुस्तकाची आवृत्ती असते केवढी, त्यात ही चोरी.

वाचनालयाला कायद्यानं थोडी मोकळीक दिली आहे. विनाव्यवसाय सार्वजनिक वाचनालय आपल्याकडच्या पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवू शकतं. पण जतन करणं वेगळं आणि ती प्रत इंटरनेटवर टाकणं वेगळं.

नाटकवाल्यांना हमखास पडणारा प्रश्न: परवानगी लागते का? हौशी मंडळानं तिकीट न लावता केलेला प्रयोग, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला प्रयोग, कॉपीराइट कायद्याच्या 52व्या कलमात सूट मिळालेला आहे. म्हणजे देवळापुढचं आपलं जत्रेचं नाटक बऱ्याचदा त्यात बसतं. मात्र त्याच रात्री कुणीतरी सगळं नाटक मोबाइलवर चित्रित करून यूट्यूबवर चढवतो, त्याला ही सूट नाही. मंडळाला हे आधी समजावून सांगायचं काम ग्रंथपालाचं. आणि सूट असली तरी नाटककाराला एक पत्र धाडा. कायदा नसला तरी रीत आहे.

आता माणसं. धालो या बायकांच्या नाच-गाण्याच्या खेळाचं उदाहरण घ्या. पौषात मांडावर, म्हणजे खेळासाठी ठरलेल्या अंगणात, बायका रात्री जमतात, मराठी आणि कोंकणी दोन्हींतली गाणी म्हणतात, पुरुष त्यात नसतात. तिथं फोन घेऊन घुसणारा ग्रंथपाल पुरुष असेल तर त्यानं घरी बसावं. बाई असेल तर तिनंही पहिल्या रात्री नुसतं खेळावं. काही गाणी मांडावरच म्हणायची असतात, बाहेर नाही. ती रेकॉर्ड करायची नाहीत, म्हणजे नाहीत. जी करू देतील त्यांच्याबरोबर गाणाऱ्यांची नावं लिहा. पारंपरिक गाण्याचा मालक कुणी नसेल, पण गाणारीचा तिच्या गाण्यावर हक्क असतो, आणि तोही कायद्यातला.

परवानगी एका ओळीत 'हो' अशी घेऊ नका. तीन वेगळे प्रश्न विचारा: वाचनालयात ठेवू का? गावात दाखवू का? इंटरनेटवर टाकू का? बहुतेक लोक पहिल्या दोनला मान हलवतात आणि तिसऱ्याला थांबतात.

मी हे शिकले ते एका फोटोमुळे. गावच्या जुन्या संगीत नाटकातला, स्त्रीपार्ट करणारा एक देखणा पुरुष, नऊवारीत, नाकात नथ. मला तो फोटो इतका आवडला की घरच्यांना न विचारता गावच्या ग्रुपवर टाकला. त्यांचा नातू दुसऱ्या दिवशी वाचनालयात आला. फोटोखाली पोरांनी जे लिहिलं होतं ते त्यानं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मी माफी मागितली, फोटो काढला. तो अजून वाचनालयाची पायरी चढत नाही.

जमवलेलं बाहेर काढा

27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, 12 ऑगस्टला ग्रंथपाल दिन, असे दिवस कॅलेंडरात आहेतच. हार, नारळ, पाहुणा, चहा. करा, वरून पत्रक येतं ते करावंच लागतं. पण गर्दी हवी असेल तर गावाच्या पंचांगाला चिकटा. जत्रा, कालो, सप्ताह, शिगमो, फेस्त.

आमचा सगळ्यात यशस्वी कार्यक्रम विनाखर्चाचा होता. जत्रेच्या रात्री, नाटकाच्या मंडपाबाहेर, सुंभाची दोरी बांधली. तिला कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी जुन्या फोटोंच्या साठेक प्रिंटा लावल्या, प्रत्येकाखाली कोरी पट्टी आणि मध्ये दोऱ्यानं बांधलेल्या पेन्सिली. वर फक्त 'हो कोण?' (हा कोण?) असा फलक. नाटक साडेदहाला सुरू व्हायचं ते दोन मध्यंतरांसकट उजाडेपर्यंत चाललं, आणि दोरीपुढची गर्दी काही हटेना. पोरं आज्यांना हाताला धरून आणत होती. एका चेहऱ्याखाली दोन नावं आली आणि दोन घरांत वाद जुंपला. मी नोंदीत दोन्ही नावं ठेवली. सकाळी पट्ट्या उतरवल्या तेव्हा 43 चेहऱ्यांना नावं मिळाली होती, त्यातली अकरा त्या माझ्या अभागी 212 फोटोंमधली.

आणि ती नाटकाची मागणी. आम्ही वाचनालयातल्या सगळ्या नाटकांची एक वेगळी यादी केली. त्यात लेखक आणि वर्गांक शेवटी, आधी स्त्रीपात्रं किती, पुरुषपात्रं किती, अंक किती, सेट किती, गाणी आहेत का. आणि 'आपल्या गावात झालंय का, कधी' हा एक रकाना. 891.462 हा मराठी नाटकाचा वर्गांक दिग्दर्शकाला काय कामाचा? त्याला दोन बायका मिळाल्यायत आणि तिसरी मिळत नाही, हा त्याचा प्रश्न. ही यादी फोनवर बघता येईल अशी ठेवली आणि शेजारच्या गावांतली मंडळं येऊ लागली. तालमीला जागा नव्हती म्हणून संध्याकाळी सातनंतर वाचन कक्ष दिला. तालीम बघायला येणारी पोरं तालीम सुरू होईपर्यंत पुस्तकं चाळतात.

समाजमाध्यमांवर रोज काही टाकायच्या फंदात पडू नका. आठवड्याला एक वस्तू, तिची चार ओळींची गोष्ट, आणि शेवटी एक प्रश्न. मुंबई-पुण्याला किंवा आखातात गेलेले गावकरी याच प्रश्नांना उत्तरं देतात, आणि पुढच्या सुट्टीत ट्रंक उघडून बसतात.

पैसा

पगारी सरकारी ग्रंथपाल असाल तर एक रुपयाही स्वतःच्या नावानं, स्वतःच्या जीपेवर घेऊ नका. काही शुल्क आकारायचं असेल तर वरिष्ठांना लेखी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. संस्थेचं किंवा मंडळाचं वाचनालय असेल तर थोडी मोकळीक असते. अन्यथा वाचकांचंच मंडळ उभं करून संस्था म्हणून नोंदवा. 1860च्या कायद्याखाली त्याला निदान सात जण लागतात. टेबलावरचे सहा आणि एक तरुण खजिनदार, झालं.

कला व संस्कृती संचालनालयाच्या योजना दरवर्षी बघत जा. पुस्तकांसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानाची मदत राज्यामार्फत येते. पण अनुदान उशिरा येतं आणि त्यातून तुमचा स्कॅनर येईलच असं नाही. आमचा स्कॅनर स्मरणिकेनं दिला. जत्रेच्या स्मरणिकेत आम्ही 'गावचं जुनं नाटक' अशी आठ पानं मागितली, मजकूर आणि फोटो आमचे, आणि त्या पानांवरच्या जाहिरातींचे पैसे वाचनालयाच्या मंडळाला. हार्डवेअरवाल्यानं मागच्या पानाला हो म्हटलं, कारण आतल्या पानावर त्याचा आजोबा तलवार घेऊन उभा होता.

त्याशिवाय दोन गोष्टी चालतात. घरच्या जुन्या फोटोची स्वच्छ केलेली मोठी प्रिंट, मंडळाच्या पावतीवर. हिला डिसेंबरात, गावकरी सुट्टीवर येतात तेव्हा चांगली मागणी असते. आणि गावच्या जुन्या फोटोंचं भिंतीवरचं कॅलेंडर, ज्यात चवथ, जत्रा, फेस्त सगळं असतं. दुसऱ्या वर्षी आमची कॅलेंडरं जास्त छापली गेली आणि नव्वद पडून राहिली. ती अजून माडीवर आहेत, मागच्या कोऱ्या बाजूवर पोरं चित्रं काढतात. तेव्हा आधी आगाऊ नोंदणी घ्या, मग छापा.

जे गाणाऱ्यांकडून, ट्रंकवाल्यांकडून घेतलंय त्यातून पैसे झाले तर त्यांचा वाटा बाजूला काढा. मावशीच्या वहीतले बारा अभंग आम्ही छोट्या पुस्तिकेत छापले. पहिल्या पन्नास प्रतींचे पैसे मी पाकिटात घालून तिच्याकडे नेले. तिनं ते मोजले, त्यातली एक नोट काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "हें तुज्या पेट्रोलाक." ती नोट मी मंडळाच्या खात्यात जमा केली, पावती क्रमांक 114.